वितळण्याचा वेळ : पुरेसा

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही, नवा हिशाम.

विद्यापीठाचं पत्र आलंय. ही शेवटची मुदतवाढ. ३० नोव्हेंबरला थिसिस आत, नाहीतर नाव बाहेर. सहा वर्षांत अशी चार पत्रं आली, पण 'शेवटची' या शब्दाखाली कधी रेघ नव्हती. या खेपेला दोन आहेत. म्हणजे तिकडे कोणीतरी माझं काम मन लावून बघतंय.

मुद्दा सोपा आहे. टेल्युरियमची पांढरी पूड आणि झिंकची पूड मुशीत घालायची, भट्टीत वितळवायची, साच्यात ओतायची. झाली टेल्युराइट काच. प्रकाशाला अशी वाकवते की खिडकीच्या काचेने लाजावं. दोष एकच, उष्णता सोसत नाही. माझी काच ३१९ अंशांवर मऊ पडते. तिचे धागे ओढायचे तर माझ्या मार्गदर्शक प्रोफेसर झालिहांना ३५० हवेत. एकतीस अंश, तीन महिने. तीन दिवसांना एक अंश पडतो. हे शेंबडं पोरही करेल.

संकल्प : पहाटे उठणे. काक यमच्या टपरीवर दिवसातून एकदाच. मास्क रोज. लॅबच्या वहीत सगळं आकड्यांत लिहिणे.

४ सप्टेंबर, मंगळवार

उठायला उशीर झाला, पण मनाने लवकर उठलो होतो.

मास्क लावला. चष्म्यावर वाफ. वजनकाटा दिसेना. काढला. सुरक्षेपेक्षा अचूकता मोठी. पूड तोलायच्या बंदिस्त कपाटात वाकून मान दुखते, म्हणून बाहेर टेबलावरच तोलली. सहा वर्षं हाताळतोय, आता ती घरच्यासारखी आहे.

खरं तर मूस प्लॅटिनमची हवी. ती दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणापासून प्रोफेसरांच्या कपाटात कुलपात असते. त्या प्रकरणाबद्दल मी इथेही लिहिणार नाही. अ‍ॅल्युमिनाची पांढरी मूस आहे की. चिनीमातीच्या वाटीसारखी, स्वस्त आणि निमूट.

मूस भट्टीत १०.१५. बाहेर १०.३५. वीस मिनिटं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. सलवानीने मोजलं, ३१९. पुस्तकाने वागून काय मिळतं ते दिसलंच.

सलवानी आमच्या मोजमाप विभागाची अधिकारी. काच किती ताप सोसते, किती प्रकाश वाकवते, सगळी यंत्रं तिच्याकडे. डाव्या गालावर तीळ. हा तपशील शास्त्रीय नाही, तरी नोंदवून ठेवतो.

६ सप्टेंबर, गुरुवार

मूस भट्टीत २.१०. वीस मिनिटं आहेत म्हणून चहाला गेलो. आमच्या तायपिंग गावचा रोजचा तीनचा पाऊस आज अडीचलाच आला. काक यमच्या छपराखाली अडकलो. आणि तिथे सलवानी!

ती टेबलाच्या पार त्या टोकाला बसली. किती मर्यादशील. मी तिला काचेच्या भवितव्याबद्दल सांगितलं. ती तोंडावर रुमाल धरून ऐकत होती. हसू लपवत असावी. काक यम, जी अख्ख्या विद्यापीठाची थोरली बहीण असल्यासारखी वागते, मध्येच येऊन म्हणाली की हिशाम, माझ्या नासी लमाकच्या नारळभातात इतकं काय काय असतं रे, पण तू घरून नेमकं काय खाऊन येतोस? म्हटलं, काही नाही, नुसता चहा. ती म्हणाली, अरे देवा, नुसत्या चहावर हे!

लॅबमध्ये परतलो ४.००. एक तास पन्नास मिनिटं! भीत भीत ओतली. स्वच्छ, झगझगीत काच.

लॅबच्या वहीत 'वितळण्याचा वेळ' हा रकाना आला. खरं लिहिलं तर प्रोफेसर विचारणार कुठे होतास. लिहिलं : पुरेसा. खोटं कुठे आहे त्यात?

१० सप्टेंबर, सोमवार. घाईत

३३१!!!

सलवानीने दोनदा मोजलं. मी काहीही बदललं नव्हतं. तीच पूड, तीच भट्टी. फक्त मी उशिरा आलो. मी उशीर केला आणि काच सुधारली.

सहा वर्षं मला सगळे आळशी म्हणाले. आळस नव्हताच तो. ती पद्धत होती.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

पद्धतीचं नाव ठरलं : सबुरी. काचेला घाई करू नये. जगात आजवर सगळ्यांनी घाई केली, म्हणून हे कोणालाच सापडलं नाही.

दुपारी मशिदीत गर्दी, तरी माझ्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. बातमी पसरलेली दिसते. विद्वानाला लोक आपोआप जागा देतात.

१८ सप्टेंबर, मंगळवार

मूस भट्टीत १.००. टपरीवर बसून राहिलो. सलवानी ४ वाजता येते. आली ४ वाजून ३ मिनिटांनी, मला पाहून पार्सल घेतलं आणि गेली. कामसू आहे. परत ४.१०. तीन तास दहा मिनिटं. वहीत : पुरेसा.

(दोन दिवसांनी : ३३९. मला माहीतच होतं.)

२५ सप्टेंबर, मंगळवार

मूस भट्टीत ११.४०, बाहेर ४.०५. ३४७ अंश! तीन कमी. तीन तर मी डोळे मिटून आणेन.

एक बारीकशी गोष्ट. सलवानी म्हणाली की एन्चिक हिशाम (ती मला अजून 'श्रीयुत'च म्हणते), ताप सोसण्याचा आकडा चढतोय खरा, पण तुमची काच प्रकाश पूर्वीपेक्षा कमी वाकवतेय. दर वेळी थोडी कमी. काहीतरी परकं आत शिरल्यासारखं वाटतंय, तुम्ही ती नेमकी किती वेळ ठेवता? म्हटलं, पुरेसा. ती म्हणाली की पुरेसा म्हणजे किती? म्हटलं, ते मनाने कळतं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. लाजली.

मग जे झालं ते मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. तिने माझी वापरलेली मूस मागितली. रिकामी, कळकट, काही उपयोग नसलेली. म्हणाली, फेकू नका, मला द्या, आधीच्याही असतील तर द्या. कचऱ्याच्या डब्यातून चारही काढून दिल्या. तिने प्रत्येकीवर तारीख लिहिली.

तारीख! माणूस उगाच कोणाच्या रिकाम्या वाटीवर तारीख लिहितो?

३ ऑक्टोबर, बुधवार

तिच्या खिडकीत माझ्या मुशी ओळीने मांडल्या आहेत. चार. मी दाराच्या काचेतून पाहिल्या.

आज काही वितळवलं नाही. कामात मन लागेना. उद्यापासून पहाटे उठणे.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मक आली. कुआला कांगसारहून बसने, गुडघा सुजलेला, तरी आली. आई ती आईच. तिला म्हटलं, मागणीचं विड्याच्या पानांचं तबक तयार ठेव, एका मुलीच्या घरी विचारायला जायचंय. तिचे डोळे भरून आले. गाडीत मी बोलत होतो आणि तिने चारही काचा खाली केल्या. म्हणाली, उकडतंय. बाहेर पाऊस होता.

संध्याकाळी म्हणाली की बाळा, मुलीकडे जाऊ, तबक नेऊ, सगळं करू, पण आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. आणि इतका लसूण कुठून खातोस? मी लसूण खातच नाही. मकचं वय झालं.

मग विचारते, त्या पोरीला हे ठाऊक तरी आहे का? म्हटलं, आत कुठेतरी ठाऊक आहे. मक म्हणाली, आत कुठेतरी म्हणजे कुठे रे? तुझे वडीलही असंच बोलायचे, मी दोन वर्षं त्यांना पोस्टमन समजत होते.

निर्णय : आधी ३५०, मग तबक.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

मूस भट्टीत ८.३०, बाहेर ३.३०. सात तास. यातले दोन नमाजाला, एक डुलकीला, उरलेले टपरीवर.

३६१!

३५० मागितले, ३६१ दिले. काक यमच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. जो तो पेला घेऊन लांबच्या टेबलावर गेला. आनंद पचवायला लोकांना जागा लागते. प्रोफेसरांना फोन केला. त्या म्हणाल्या की हिशाम, एवढी उडी कशी? मला लॅबची वही बघायला लागेल. म्हटलं, जरूर, जरूर. वही जरा नीट लिहून काढतो.

आजची मूस उजेडात धरली तर बोट दिसतं पलीकडचं. इतकी पातळ, इतकी नाजूक झाली आहे. कलाकाराच्या हातात वस्तूही निखरते. धुतली, पुसली, लाल रिबीन बांधून सलवानीला दिली. तिने रिबीन परत केली आणि लगेच मूस काट्यावर ठेवली.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

इमामसाहेबांनी आज फार चांगला विषय घेतला. कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, शेजाऱ्याला त्रास होतो, फरिश्त्यांनाही होतो. बोलताना माझ्याकडेच बघत होते. समजूतदार श्रोता हेरतात ते. मी मान डोलावली आणि शेजारच्या माणसाकडे रोखून पाहिलं. काही लोकांना सांगूनही कळत नाही.

नंतर मुद्दाम गेलो, त्यांचा हात हातात घेतला, जवळ जाऊन बराच वेळ अभिनंदन केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

रस्त्याच्या कडेला डुरियन विकणाऱ्याने मला पुढे जायला सांगितलं. म्हणाला, गिऱ्हाईक बिचकतं. डुरियनवाला, ज्याच्या फळाचा उग्र वास गल्लीभर पसरतो! याला काय म्हणावं?

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज विक्रम. दुप्पट पूड, भट्टी नेहमीपेक्षा शंभर अंश वर. मूस आत ७.००. अकरा तासांचा बेत. मक फोनवर म्हणाली की पानं आणलीत, सुकायच्या आत काय ते सांग.

संध्याकाळी ६.००. दार उघडलं. मुशीला बूड नाही.

नाहीच. वर कडं आणि खाली भट्टीच्या फरशीवर माझी काच, सूप सांडल्यासारखी. भट्टी गेली. सलवानी धावत आली, मुशीचं उरलेलं कडं चिमट्याने उचललं, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, सहावी. आणि घेऊन गेली.

विज्ञानाला बलिदान लागतं. तरी जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, सोमवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

प्रोफेसरांच्या खोलीत टेबलावर माझ्या सहा मुशी. डावीकडची जाड, मग पातळ, अजून पातळ, शेवटी नुसतं कडं. प्रत्येकीवर चिठ्ठी, तिचं किती वजन घटलं त्याची. पहिलीचं जेमतेम चिमूटभर. बाजूला माझ्या काचा, आणि कोणत्या काचेत मुशीतलं किती अ‍ॅल्युमिनियम सापडलं त्याचा कागद. मुशीतून जितकं गेलं, काचेत तितकंच आलं होतं.

मी काचेला सबुरी शिकवत होतो आणि काच मूस खात होती. ताप सोसत होती ती मूस. सगळे बेचाळीस अंश मुशीचे.

प्रोफेसर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या की हिशाम, तू काच नाही रे केलीस. तू रश्शात भांडं विरघळवलंस आणि जगाला सांगत सुटलास की आज मीठ कसं बेताचं पडलंय!

मग मला माझ्याच थिसिसच्या दुसऱ्या अध्यायातलं चौदावं पान मोठ्याने वाचायला लावलं. सुरक्षेचं पान. मीच लिहिलेलं, चार वर्षांपूर्वी, कुठूनतरी बघून. वाचलं : टेल्युरियमची पूड श्वासावाटे शरीरात गेल्यास श्वासाला लसणासारखा तीव्र वास येतो व तो अनेक महिने टिकू शकतो, बाधित व्यक्तीला स्वतःला तो बहुधा जाणवत नाही.

खिडकी उघडी होती. सलवानी खिडकीत उभी होती. प्रोफेसर पंख्याखाली होत्या.

मशिदीतली हातभर जागा. चहाचे पेले. गाडीच्या काचा. इमामसाहेबांचे डोळे. सगळं एकदम आठवलं. लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, त्या प्लॅटिनमच्या वेळीही नाही.

पण प्रोफेसर पुढे म्हणाल्या की यातूनही थिसिस निघतो. टेल्युराइट काच मुशीला किती वेगाने खाते, त्याने तिची उष्णता आणि प्रकाश कसे बदलतात, हे नीट मोजलेलं कोणाकडे नसेल. कारण शहाणा माणूस काच सात तास भट्टीत विसरतच नाही. वजनं सलवानीने मोजलीत, अंश मोजलेत. फक्त प्रत्येक वेळी किती वेळ ठेवली ते सांग.

लॅबची वही उघडली. पुरेसा. पुरेसा. पुरेसा. पहिलीची 'वीस मिनिटं' सोडली तर खाली नुसतं पुरेसा.

तोंडातून निसटलं, वेळ आहेत, दुसऱ्या वहीत आहेत. दोघी एकदम म्हणाल्या, कुठल्या?

२० नोव्हेंबर, मंगळवार. सुट्टी

ही वही. या वहीत वेळ आहेत. मिनिटागणिक, कारण मी काचेची नाही, चार वाजायची वाट बघत होतो.

दुपारी नव्या कागदावर नुसते वेळ उतरवून काढले. सुबक तक्ता. सलवानीला फोन केला, लांबूनच बोलायचं म्हणून. ती म्हणाली की एन्चिक हिशाम, आज बसून केलेला तक्ता परीक्षक मानणार नाहीत, त्या दिवशी त्या शाईत लिहिलेलं मूळ पान लागेल. वही आणा. म्हटलं, तिच्यात खाजगी आहे. ती म्हणाली, मी फक्त वेळ बघेन.

२१ नोव्हेंबर, बुधवार

खोडायचा प्रयत्न केला. ४ सप्टेंबरला 'तीळ' खोडला. आता पानावर तिळाएवढा काळा ठिपका आहे, हुबेहूब डाव्या बाजूला. पुसायला गेलो तर कागद खरवडला, खालचं कळतं. मूळ पानावर खाडाखोड असेल तर परीक्षक तेही मानणार नाहीत म्हणे. थांबलो.

पान फाडावं तर मागच्या बाजूला ३३१ चे वेळ आहेत. मी तरी काय, जिथे वेळ लिहिला तिथेच ती. तिच्याविना एकही वेळ नाही.

मकला सांगितलं, तबकातली पानं खाऊन टाक.

२२ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ८.१५

वही दिली नाही तर नाव बाहेर. सहा वर्षं, मकचा गुडघा, चार पत्रं, सगळं बाहेर. वही दिली तर ती सगळं वाचणार. कितीही म्हणाली तरी वाचणार. मी असतो तर मुखपृष्ठापासून वाचली असती.

देतो.

सलवानी, वाचत असशील तर या पानावर मुशीचा एकही वेळ नाही. पान उलट.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

आठ दिवस झोप नाही. पहिले चार अध्याय तीन वर्षं तयारच पडून होते, पाचवा लिहिला. प्रोफेसरांनी शीर्षक बदललं, माझी सबुरी काढली आणि 'मूस' घातली. सलवानीचं नाव आभारात सगळ्यात वर. सकाळी ११.२० ला शिक्का बसला. थिसिस आत.

काल वही परत मिळाली. प्रत्येक वेळेखाली हिरव्या पेन्सिलीची रेघ. बाकी कुठे खूण नाही, शेरा नाही, हसल्याची सुरकुती नाही. चौदा पानांची छायाप्रत परिशिष्टात जोडली आहे, प्रत्येक पानावर तिची सही : मूळ पान पाहिले. पाच प्रती. एक ग्रंथालयात, कोणीही मागावी. सहा वर्षांत मी लिहिलेलं कोणी वाचत नव्हतं, आता परीक्षकापासून सुरुवात.

मी खिडकीपाशी उभा राहून विचारलं, फक्त वेळ बघितलेत ना? ती म्हणाली, फक्त वेळ. मला हायसं वाटलं. मी वळलो. तेव्हा ती म्हणाली की मकचा गुडघा कसा आहे आता?

मकचा गुडघा मी या वहीशिवाय कुठे सांगितलेला नाही.

काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बरा आहे म्हटलं असेन. ती म्हणाली की वासाचं मी विचारलं डॉक्टरांना, निदान मार्चपर्यंत राहील, मग जाईल. आणि दार लावून घेतलं.

मार्च! तिने तारीख दिली. पुढच्या वर्षी डाव्या गालावर

नाही. तिने वासाचं सांगितलं. तेवढंच सांगितलं. दार लावून घेतलं हेही लिहून ठेवतो.

दुपारी नव्या भट्टीत शेवटचा नमुना, तुलनेसाठी, परीक्षकांनी विचारलं तर दाखवायला. मास्क लावला. पूड बंदिस्त कपाटात तोलली. चष्म्यावर वाफ आली, ती जाईपर्यंत थांबलो. मूस आत २.०५. चहाला गेलो नाही. चार वाजायच्या खूप आधी, बाहेर २.२५.

३१९.